हिराआईची बदकं

मान एका बाजूला कलवून, एकच डोळा आकाशाला लावून बदक जेव्हा वर पाहतं, तेव्हा त्याच्या त्या वाटोळ्या, ओलसर, न लवणाऱ्या डोळ्यात सगळं आभाळ उतरलेलं असतं. आणि त्या आभाळात कुठेतरी एक घार असते. ती दिसो वा न दिसो, बदकाच्या लेखी ती असतेच. माझ्या सासूबाईही अशाच पाहत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. त्यामुळे समोरच्या माणसाकडे, वाफाळत्या भाताकडे, उंबऱ्याशी आलेल्या उन्हाकडे त्या मान किंचित तिरकी करून डाव्या डोळ्यानं बघत. मनवेलपाड्यातल्या आमच्या बैठ्या चाळीच्या मागल्या अंगणात, पौषाच्या कोवळ्या उन्हात, हातात कोंड्याचं घमेलं घेऊन त्या उभ्या असत आणि पायाशी चार बुटकी बदकं. आकाशातून एखादी सावली सरकली, की पाचही माना एकाच क्षणी, एकाच बाजूला कलत. मला ते पाहून हसू येई. हसू यावं असेच ते दिवस होते.

त्यांना सारे हिराआई म्हणत. सासरे गेले तेव्हा चांदीप गावातलं घर आणि भाताची खाचरं आपल्या भावाच्या हवाली करून त्या आमच्याकडे राहायला आल्या. सोबत एक पत्र्याची ट्रंक होती आणि झाकणाची एक बांबूची टोपली. टोपली आतून कुजबुजत होती. माझं माहेर देशावरचं. बदक मी पाहिलं होतं ते शाळेतल्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर, ‘ब’ या अक्षराशेजारी, पिवळ्या चोचीचं आणि निर्विकार. टोपलीचं झाकण उघडलं तेव्हा त्यातून बाहेर आलेले जीव निर्विकार मुळीच नव्हते. कबुतराहून थोडे थोराड, कोंबडीहून लहान, गोल कपाळांचे, आखूड चोचींचे ते पक्षी एकमेकांच्या अंगावर पडत-धडपडत भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन दाटले आणि तिथून आमच्याकडे असे पाहू लागले, जणू त्यांचा न्याय आता आमच्याच हाती होता.

“भिऊ नको गे,” हिराआई म्हणाल्या. ते मला की बदकांना, हे मला कळलं नाही.

तीन माद्या आणि एक नर. माद्यांचा कलकलाट चाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. नराला मात्र तसा आवाज नव्हता. बदकांच्या नराला तो नसतोच. त्याच्या घशातून नुसता एक घोगरा, दबका उच्छ्वास निघे, गर्दीत कुणी कानाशी येऊन काही सांगावं आणि ऐकू फक्त वारा यावा तसा. हिराआई त्याला ‘दादला’ म्हणत, आणि म्हणताना पदराआड हसत. माद्यांची नावं माझ्या ओवीनं ठेवली. ती तेव्हा चार वर्षांची होती. काळपट होती ती काजळी, तपकिरी होती ती साखरी, आणि तांदळाच्या पिठासारखी पांढरी होती ती पिठी. पिठी ओवीची होती. म्हणजे असं कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी मान्य केलं होतं, पिठीनंही. ओवी पायरीवर मांडी घालून बसली, की ती डुलत डुलत येई, मांडीत चढे आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसून डोळे मिटे.

मागलं अंगण म्हणजे काय, तर चाळ आणि शेजारच्या उंच इमारतीची कुंपणभिंत यांच्यामधली एक अरुंद पट्टी. एक पपईचं झाड, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, आणि कोपऱ्यात पत्रा टाकून केलेली पडवी. घरातून अंगणात उघडणारं दार जाळीचं होतं, डासांसाठी लावलेलं. सकाळी हिराआई त्या दारातून बाहेर पडत आणि घमेल्याच्या काठावर तळव्यानं थाप मारत. त्या थापेला अळवाखालून, पडवीतून, पपईच्या बुंध्यामागून चार आवाज उत्तर देत. मग त्या खाली बसत. लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, पायाच्या भेगांत चांदीपची माती अजून शिल्लक असावी अशी काळी रेघ, आणि ओंजळीत कोंडा. बदकं त्यांच्या ओंजळीतून खात तेव्हा त्या डोळे मिटून घेत. त्यांच्या तळहातावर चोचींची ती भराभर, मऊ टकटक सुरू असे आणि त्यांच्या सुरकुत्यांतून काहीतरी ओघळून जाई, काय ते मी कधी विचारलं नाही. सासऱ्यांच्या मृत्यूनंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. शेताच्या बांधावर सासरे कोसळले तेव्हा त्यांनी एकटीनं त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं होतं, असं माझा नवरा संदेश सांगे. भाताच्या रचलेल्या उडव्यातून निघालेला साप त्यांनी शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावला होता, हेही तोच सांगे. मला दिसे ती पन्नास सालांचं काम अंगात मुरवून शांत झालेली एक बाई, जिला कशाचीच घाई नव्हती आणि कशाचंच भय नव्हतं. घारीकडे त्या बघत, ते बदकांच्या वतीनं.

माघ लागला आणि ती बातमी आली. आधी ती मोबाइलवर आली, मग पावलांनी चालत जवळ येऊ लागली. तालुक्यात कुठेसं कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू आहे म्हणतात. मग अमक्या गावात पोल्ट्रीच्या पोल्ट्री खड्ड्यात घातल्या. मग नाक्यावरच्या चिकनच्या दुकानाचं शटर खाली आलं, आणि त्या बंद शटरसमोर उभं राहून माणसं हलक्या आवाजात बोलू लागली. एक दिवस आमच्या गल्लीत, विजेच्या खांबाखाली, कावळा मरून पडला. कावळे मरतात, नेहमीच मरतात. पण त्या दिवशी त्या काळ्या देहाभोवती कुणीतरी चुन्याचं पांढरं रिंगण ओढलं, आणि सगळी चाळ त्या रिंगणाला वळसा घालून जाऊ लागली. आंब्याला मोहोर आला होता. त्याचा तो तुरट-गोड वास आणि चुन्याचा वास एकमेकांत मिसळले. तेव्हापासून मोहोराचा वास आला की मी खिडकी लावून घेते.

शेजारच्या कदमकाकू दारात आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

“मेधा, राग मानू नकोस हं. हिराआईंना मी दुखवायचं म्हणून बोलत नाही. पण ती बदकं... आमच्याकडे नातवंडं आहेत गं.”

“मी बोलते त्यांच्याशी, काकू.”

बोलायची गरज पडली नाही. हिराआई आतून ऐकत होत्या.

“तिचा काय चुकला?” त्या मला म्हणाल्या. “तिला भ्याव वाटतो. वाटनारच.”

“आणि तुम्हाला, आई?”

“माजी बदका काय कोनाच्या पोल्ट्रीत गेली हायत काय? चार भिंतीत हायत ती.” आणि त्यांनी मान तिरकी करून, डाव्या डोळ्यानं अंगणाकडे पाहिलं.

त्यानंतरच्या सकाळी मला जाग येई ती कान ताणलेल्या अवस्थेत. घमेल्यावर थाप पडली का, आणि थापेला सगळे आवाज आले का, हे मी अंथरुणातच ऐकून घेई. माद्यांच्या कलकलाटाची पूर्वी मला कटकट होई. आता तो ऐकू आला की मगच मी अंथरुणातून उठे. भय असं हळूहळू घरात शिरलं. कपड्यांवर, भांड्यांवर, ओवीच्या हातांवर त्याचा एक अदृश्य थर बसू लागला. मी तिचे हात पुन्हा पुन्हा धुई. तिला पिठीजवळ जाऊ द्यायचं नाही, असं मी आणि संदेशनं ठरवलं होतं. पण चार वर्षांच्या मुलीला आणि एका बदकाला एकमेकांपासून दूर ठेवणं, तेही एका खोलीच्या आणि एका अंगणाच्या जगात, हे ठरवून होणारं नव्हतं. एका संध्याकाळी मी स्वयंपाकातून डोकावले तर ओवी पायरीवर होती, पिठी मांडीत, आणि हिराआई ओवीच्या तोंडाला लागलेला भात पदरानं पुसत होत्या. मावळतीचं केशरी ऊन तिघींवर पडलं होतं. इतकं सुंदर होतं ते, की ओवीला आत बोलवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थाप पडली आणि आवाज कमी आले.

मी जाळीच्या दाराशी गेले. हिराआई पडवीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पिठी होती. तिचे पाय पोटाखाली नीट दुमडलेले नव्हते, बाजूला फेकल्यासारखे पडले होते, आणि मान मातीवर लांबच लांब पसरली होती, कुणी पांढरा रुमाल पिळून टाकावा तशी. डोळे उघडे होते. ती मान उचलायचा प्रयत्न करी, मान थोडी उठे आणि पुन्हा मातीत पडे. बाकीची तिघं दूर, पपईच्या बुंध्याशी, एकमेकांना चिकटून उभी होती आणि आश्चर्य म्हणजे गप्प होती. दादल्याच्या घशातला तो घोगरा उच्छ्वास तेवढा ऐकू येत होता.

“काय झालं, आई?”

पिठीची मान त्यांनी दोन बोटांवर तोलून धरली, चोच पाण्यात बुडवली. पाणी चोचीतून तसंच बाहेर ओघळलं.

दुपार व्हायच्या आत ओवीला ताप भरला. आधी ती नुसती मलूल होती, मग गाल लाल झाले, मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि तिच्या कपाळाची धग माझ्या मानेला लागली. मी तिला अंथरुणावर निजवलं, संदेशला फोन केला, आणि वळून पाहिलं तर हिराआई जाळीच्या दारात उभ्या होत्या. माझ्या हातातल्या ओल्या फडक्याच्या घडीकडे पाहत होत्या.

त्या क्षणी मी त्यांना भ्यालेलं पाहिलं. भय माणसाला म्हातारं करतं असं मला वाटे. हिराआईंना त्यानं लहान केलं. त्यांचा चेहरा एखाद्या हरवलेल्या मुलीसारखा झाला, ओठ किंचित उघडे, आणि मान कलवायचं विसरून त्या सरळ, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिल्या, त्यातल्या एकाला काही दिसत नसताना. मग त्या मागे सरल्या. अंगणातल्या नळाखाली बसून कपड्याच्या साबणानं त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा कोपरापर्यंत, कातडी लाल होईतो. आणि मग आत येण्याऐवजी त्यांनी जाळीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

“आई, आत या. ऊन चढलंय.”

“मी येनार नाय. माज्या अंगाला तो रोग लागला असंल तर? काल तिचा तोंड पुसला मी.” त्यांनी पदर हातात धरला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं. “ह्याच पदरानं.”

संदेश धावतपळत आला तेव्हा त्यांनी त्याला जाळीशी बोलावलं, पण फार जवळ येऊ दिलं नाही.

“पोरीला आदी डाक्टरकडं ने. आनि मग जनावरांच्या दवाखान्यात जा. सांग, घरात बदक आजारी हाय.”

संदेशनं ओवीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, “आई, ते आले तर सगळीच घेऊन जातील. आजारी असोत नसोत. तुला माहीत आहे ना?”

“माहीत हाय.”

“थोडं थांबू. संध्याकाळपर्यंत बघू.”

“काय बघनार? पोर बघनार का बदक बघनार?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “जा बाबा. मला इचारत बसू नको. इचारलास तर माजा धीर जाईल.”

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ओवीला तपासलं, घरात आजारी पक्षी आहे हे ऐकलं, आणि त्यांचं पेन कागदावर क्षणभर थबकलं. त्या थबकण्याची भीती मला अजून वाटते. त्यांनी घशातला नमुना घ्यायला सांगितला, औषध लिहून दिलं आणि म्हणाले, “साधा ताप असण्याचीच शक्यता जास्त. पण श्वास जोरात लागला तर लगेच या.” ‘श्वास जोरात लागला तर’ हे शब्द मी त्या दिवसापासून उशाशी घेऊन झोपू लागले. ओवीच्या छातीचं वरखाली होणं मी मोजत राही.

दुपारनंतर जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर आल्या. तरुण बाई होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी पांढरा झगा, हातमोजे आणि मुखवटा चढवला, आणि त्या पांढऱ्या आकृतीला पाहताच चाळीतली दारं एकामागून एक लागत गेली. शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत मात्र माणसं उभी राहिली, वरून, आमच्या अंगणाच्या त्या चिंचोळ्या पट्टीत काय चाललंय ते पाहत.

“आजी, कधीपासून असं आहे?”

“आजच. काल सांजपर्यंत खात होती.”

डॉक्टरांनी पिठीला पाहिलं, बाकीच्या तिघांना पाहिलं, सगळ्यांच्या चोचींतून नमुने घेतले. साखरी आणि काजळी त्यांच्या हातात किंचाळल्या. हिराआईंनी दादल्याला स्वतः धरून दिलं. तो आवाज न काढता धडपडत राहिला.

“बाय, माज्या नातीला हुईल काय?” त्यांनी विचारलं.

“आजी, आत्ता खात्रीनं मला काहीच सांगता येणार नाही. खोटं सांगू का?”

“नको.”

“रिपोर्ट येऊ दे. तोवर एकही पक्षी बाहेर जाता कामा नये, आणि आत-बाहेर कमीत कमी करा. रिपोर्ट वाईट आला तर मग...”

“कळला,” हिराआई म्हणाल्या. “तवा तुमी सांगाल ता करू.”

पिठी दिवस मावळताना गेली. हिराआईंनी तिची मान शेवटपर्यंत तळहातावर तोलून धरली होती, मातीत पडू दिली नव्हती. दवाखान्याची माणसं तिला पिशवीत घालून, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून घेऊन गेली, आणि जिथं ती पडली होती तिथं चुना टाकला. पुन्हा तो वास.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. हिराआई पडवीतच राहिल्या. जेवण मी जाळीच्या दाराशी ठेवी, बाजूला होई, मग त्या कडी काढून ताट घेत आणि पुन्हा कडी लावत. ताट परत देताना ते उकळत्या पाण्यातून काढून देत. चूल त्यांनी अंगणातच तीन विटा मांडून केली होती. चाळ गप्प झाली होती. कदमकाकूंच्या घरातून भांड्यांचा आवाजही दबकून येई. काकूंनी एकदा भिंतीपलीकडून विचारलं, “ओवी कशी आहे गं?” मी म्हटलं, “तशीच आहे.” त्यांचं भय आणि माझं भय एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकून बसलं होतं.

ताप उतरे आणि पुन्हा चढे. ओवीचं अंथरुण अशा जागी होतं, की तिथून जाळीच्या दारातून अंगण दिसे, आणि अंगणात पाठमोरी बसलेली आजी दिसे. हिराआई मुद्दाम पाठमोऱ्या बसत, हे मला पुढे कळलं.

“आजी,” ओवी हाक मारी. “आजी, ये ना. पिठीला दे ना.” पिठी गेल्याचं तिला आम्ही सांगितलं नव्हतं.

हिराआई वळत नसत. एकदा ओवी इतका वेळ हाक मारत राहिली, की तिचा आवाज चिरकला, आणि मी उठून मोरीच्या खिडकीतून अंगणात पाहिलं. हिराआई गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. पदराचा बोळा त्यांनी दातांत घट्ट धरला होता. दोन्ही हातांनी स्वतःचेच पाय त्यांनी असे आवळून धरले होते, जणू ते पाय त्यांचं न ऐकता उठून चालू लागतील. समोर तीन बदकं उभी होती आणि मान कलवून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मी खिडकीपासून मागे झाले. काही दृश्यं पाहायला आपल्याला परवानगी नसते.

रिपोर्ट आले ते एका सकाळी, इतक्या साधेपणानं, की ते ऐकूनही मला ऐकू आल्यासारखं वाटलं नाही. बदकांना तो रोग नव्हता. ओवीलाही नव्हता, मुलांना त्या हंगामात येतो तसला ताप होता तो, आणि तो तोवर उतरलाही होता. डॉक्टरबाई पुन्हा आल्या, या वेळी साध्या कपड्यांत. त्यांनी अंगण फिरून पाहिलं आणि कुंपणभिंतीशी वाकल्या. भिंतीच्या पायथ्याशी एक भगदाड होतं, बदक जाईल एवढं. पलीकडे नाल्याचं साचलेलं, काळं पाणी.

“बदकं इकडे जात होती?”

“जात होती,” हिराआई म्हणाल्या. “ती ईट मीच काडली. घमेल्यात काय पोहनार ती? पानी बगून त्यांचा जीव तळमळायचा.”

अशा सडलेल्या पाण्यात एक विष तयार होतं, डॉक्टरांनी समजावलं. ते पोटात गेलं, की बदकाचे आधी पाय जातात, मग मान. माणसाला ते बदकाकडून लागत नाही. “तुम्ही कळवलंत ते फार बरं केलंत, आजी,” त्या म्हणाल्या. हिराआईंनी मान हलवली. त्यांना शाबासकी ऐकू आली नव्हती. त्या भगदाडाकडे पाहत होत्या.

कडी निघाली. हिराआई न्हाल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि कितीतरी दिवसांनी उंबरा ओलांडून आत आल्या. ओवी धावत गेली. आणि तेव्हा, रिपोर्ट हाती असताना, ताप उतरलेला असताना, सगळं सरलेलं असताना, हिराआईंचे हात तिच्याकडे पुढे आले आणि अर्ध्यात थांबले. ते खरोखर थांबले, मी पाहिलं. बोटं हवेत आखडली, आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. ओवी मध्येच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग हळूच माझ्या कमरेला बिलगली.

“ऱ्हाऊ दे,” हिराआई पुटपुटल्या. “अजून चार दिस ऱ्हाऊ दे.”

चार दिवस गेले, महिना गेला, हात काही पुढे आले नाहीत. त्या ओवीशी बोलत, तिच्यासाठी तांदळाची भाकरी थापत, तिचे केस विंचरायची वेळ आली की कंगवा माझ्या हाती देत. भिंतीतलं भगदाड संदेशनं बुजवलं. कदमकाकू येऊन हिराआईंचा हात हातात घेऊन रडल्या, आणि हिराआईंनी त्यांना समजावलं. बदकं पुन्हा कलकलू लागली. भय सगळ्यांच्या अंगावरून ओसरलं, आणि ओसरून सगळं एकाच ठिकाणी साचलं.

पक्ष्यांची ने-आण करायची बंदी उठली तशा त्या चांदीपला जायला निघाल्या. आम्ही थांबवलं. संदेश रागावलाही. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरीच्या घरात हा जिवाला घोर नको. मी येन ना रविवारी.” टोपलीत तिन्ही बदकं घालून, झाकण दोरीनं बांधून, त्या रिक्षात बसल्या. अंगण इतकं शांत झालं, की अळवाच्या पानावरून ओघळणारा थेंब ऐकू येई.

भातलावणीच्या दिवसांत मी एकदा चांदीपला गेले. खाचरांत पाणी भरलेलं होतं, आभाळ त्यात उलटं पडलं होतं, आणि त्या आभाळातून साखरी, काजळी आणि दादला पोहत होते. त्यांच्या मागून निघणारी पाण्याची रेघ रुंदावत बांधाला टेके. हिराआई बांधावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मी विचारलं, “आई, तुम्ही ओवीला जवळ का घेत नाही?”

त्यांनी तळहात उघडून मांडीवर ठेवले. “भ्याव गेला नाय गे. डोक्यातून गेला. पन ह्या हातातच बसलाय. पोर जवळ आली का आदी हात भितात, मग मी.” मग म्हणाल्या, “तवा ती हाका मारीत होती ना, मी वळले नाय. वळले असते नि तिनं हात केला असता, तर मी कडी काडून आत आले असते. मी मला वळखते.”

त्या दर रविवारी येत राहिल्या, उंबऱ्याशी बसून ओवीला गोष्टी सांगत राहिल्या, आणि एका श्रावणातल्या दुपारी, चांदीपच्या ओसरीवर आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. फार शांत गेल्या, असं त्यांच्या भावानं सांगितलं. बदकं भावाकडेच राहिली.

ओवी आता पाचवीत आहे. परवा अचानक तिनं विचारलं, “आई, आजी माझ्यावर का रागावली होती गं? मी किती हाका मारल्या, तिनं बघितलंसुद्धा नाही.” मी हातातलं काम ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं: ताप, रोग, बाहेरून घातलेली कडी, दातांत धरलेला पदर. तिनं शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हो, पण मला नुसती पाठच आठवते.”

काळ माणसाला नेतो तेव्हा त्याच्यामागं काय ठेवायचं ते आपल्याला विचारून ठेवत नाही. एका म्हातारीनं आपलं सगळं प्रेम आणि सगळं भय जिच्याआड कोंडून धरलं होतं, ती पाठ त्यानं माझ्या मुलीजवळ ठेवली. आणि त्या पाठीपलीकडचा चेहरा, जो आता कुठेच नाही, तो मी रोज थोडा थोडा आठवून तिला सांगते आहे, जोवर तो मला आठवतो आहे तोवर.